चौदातली एक

वैजयंतीबाईंना दार उघडलं आणि पस्तावला नाही, असा माणूस दिल्लीत शोधूनच काढावा लागेल. गेली एकतीस वर्षं त्या परक्या लोकांची दारं वाजवत होत्या आणि लोक त्यांच्या नावानं बोटं मोडत होते. घरात किती माणसं, कमावतं कोण, आजारी कोण, संडास आत की बाहेर, नवरा मारतो का, असले प्रश्न भर दुपारी अनोळखी माणसाला विचारायचे तर कातडी गेंड्याची लागते. ती त्यांनी कमावली होती. कुणी अंगावर कुत्रं सोडलं, कुणी वरच्या मजल्यावरून खरकटं पाणी ओतलं. नोएडातल्या एका गल्लीत तर 'मुलं पळवणारी बाई' म्हणून बायकांनी त्यांना घेरलं. वैजयंतीबाई जागच्या हलल्या नाहीत. सगळ्यांचा आरडाओरडा संपेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांतल्या सगळ्यांत मोठ्यानं ओरडणाऱ्या बाईला म्हणाल्या, "हो गया? अब बताओ, घर में कितने लोग हैं?" त्या बाईनं निमूटपणे बेचाळीस प्रश्नांची उत्तरं दिली.

सर्वेक्षणाला येणाऱ्या बाईनं गोड बोलावं अशी जगाची अपेक्षा असते. यांचं तोंड मुळातच फटकळ, आणि वयाबरोबर ते जास्तच धारदार होत गेलेलं. ज्या संस्थेत त्या काम करत, तिचं ऑफिस मुनिरक्यात होतं, विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या दाटीत, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. त्या संस्थेनं लोकांना वाचून दाखवायला एक पानभर संमतिपत्र छापलं होतं. गोपनीयता, ऐच्छिक सहभाग, संशोधनात्मक उपयोग, असे दात पडतील असे शब्द. बाई ते पान वाचायच्या, कारण नियम होता. मग डोळ्यांत डोळे घालून स्वतःचं एक वाक्य जोडायच्या, "तुमचं नाव कुठेही येणार नाही. माझा शब्द आहे." लोक पानावर नाही, या वाक्यावर विश्वास ठेवायचे. तोंडाळ माणूस खोटं बोलत नाही असा एक समज असतो, आणि इथे तो खरा होता. एकतीस वर्षांत एकाचंही नाव बाहेर गेलं नव्हतं. बाईंना गर्व करण्यासारखं आयुष्यात फार काही घडलेलं नव्हतं, पण याचा होता.

दुसरी एक गोष्ट होती, तिला गर्व म्हणावं की खोड, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मराठी. बाईंचा जन्म करोल बागेतला, शाळा पहाडगंजची, नोकरी दिल्लीची, आणि मुलानं सूनही पंजाबी आणलेली. घरात नातू "आज्जी, पानी दो" म्हणायचा. त्यामुळे रस्त्यात, मेट्रोत, डॉक्टरच्या दारात कुठेही मराठी शब्द कानावर पडला की बाई त्या माणसाला धरायच्या. आडनाव काय, गाव कोणतं, तालुका कोणता, सासर कुठलं? कुठे ना कुठे ओळख निघाल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्यांचे यजमान दीनानाथ केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब. ते म्हणायचे, "तू मराठी माणसाला भेटत नाहीस, त्याची झडती घेतेस." दिल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ही झडती नवी नाही. पण यांच्याइतकी कडक कुणाची नसेल.

आणि हीच खोड एका बाईच्या मुळावर आली.

झालं असं. गेल्या ऑगस्टात संस्थेनं मानेसरच्या पाच कारखान्यांत सर्वेक्षण घेतलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. तिथे प्रेस मशिनखाली कामगारांची बोटं जातात, हे मानेसरचं शेंबडं पोरही सांगेल. कारखान्यांची अपघाताची वही मात्र कोरी असते. संस्थेला शोधायचं होतं ते हेच, की किती जखमा झाल्या आणि वहीत चढल्याच नाहीत. कंपन्यांनी परवानगी दिली ती अहवालात त्यांची नावं येणार नाहीत या अटीवर. त्यांना नुसतं क, ख, ग, घ, च म्हणायचं ठरलं; आपलं अक्षर कोणतं, ते ज्या त्या कंपनीला तेवढं ठाऊक. 'ग' कारखान्याचा पर्सोनेल मॅनेजर जयंत नावाचा, मूळचा नागपूरचा. मराठी बाई आल्यात म्हटल्यावर त्यानं केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "काकू, तुम्ही तर आपल्याच. काही लागलं तर हक्कानं सांगा." बाई खूश झाल्या. जयंतच्या आजोळचं गाव कोणतं, हेसुद्धा चहा संपायच्या आत निघालं.

मुलाखती कारखान्यात नव्हत्या, कामगारांच्या खोल्यांवर होत्या, आणि कुणाला विचारलं हे कंपनीला कळू द्यायचं नव्हतं. अशीच एका रविवारी सकाळी बाईंनी एक खोली ठोठावली. आत तिशीची एक बाई, गॅसवर दूध. बाईंनी हिंदीत सुरुवात केली, टॅबवर नाव भरलं, वय भरलं, मातृभाषेच्या चौकटीत 'हिंदी' दाबलं. तेवढ्यात दूध वर आलं आणि ती बाई ओरडली, "अगं बया, उतू गेलं!"

मग काय विचारता! सर्वेक्षण गेलं खड्ड्यात. ती सुनयना, दहिवडीकडची. नवरा फौजेत होता, दिल्ली छावणीतून निवृत्त झाला, आता गुडगावच्या एका सोसायटीत गार्ड. पंधरा मिनिटांत बाईंनी तिच्या मावशीचं फलटणचं सासर खणून काढलं. पुन्हा टॅब उचलला तेव्हा त्यांचं लक्ष मातृभाषेकडे गेलं.

"हे मराठी करते मी."

"ऱ्हाऊ द्या की मॅडम. हिंदीच लिवा. तेच बरं हाय."

"अगं, लाज कसली वाटते आपल्या भाषेची? मी इथे जन्मले, साठीला आले, अजून मराठी लिहिते. आणि तू काल आलीस नि हिंदी झालीस?"

सुनयना शेगडीवर सांडलेलं दूध पुसायला वळली. बाईंनी 'मराठी' दाबलं आणि पुढे गेल्या. सांगितलं जाईल तेच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. नव्या मुलींना तो बाई स्वतः शिकवत, चुकली तर सगळ्यांसमोर झाडत. त्या दिवशी तो आपणच मोडतो आहोत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

सत्ताविसाव्या प्रश्नाला सुनयनानं उजवा हात पुढे केला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची टोकं नव्हती. हात आत असला की मशिन थांबवणारा सेन्सर बंद ठेवलेला, माल जास्त निघावा म्हणून. सुपरवायझरनं हात फडक्यात गुंडाळून एका खासगी दवाखान्यात नेलं आणि तिथेच कागदावर सही घेतली, की घरी भाजी चिरताना कापलं. तेव्हापासून ती त्याच प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशिनांच्या विभागात, माल मोजून भरायला बसायची. नोकरी ठेवली हीच मेहेरबानी. खोलीसुद्धा तिला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराची.

"कुणाला कळलं मी हे सांगितलं, तर काम जाईल आन्‌ खोली बी. पोरगी शाळेत हाय हितं," ती म्हणाली.

"तुझं नाव कुठेही येणार नाही. माझा शब्द आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. आणि हे एकदा नाही, दोनदा म्हणाल्या, कारण ती आपली होती.

नोव्हेंबरात अहवाल तयार झाला. सोमवारी बाईंना ऑफिसात बोलावलं, मराठी सारांशातलं शुद्धलेखन बघायला. आकडेवारीचं काम अंशुमनकडे होतं. हा मुलगाही मराठीच, पण द्वारकेत वाढलेला. मराठी बोलायचा म्हणजे अर्धं हिंदीत पडायचा. सारांश वाचता वाचता बाईंनी सहज मागचे तक्ते चाळले, आणि 'ग' कारखान्याच्या एका तक्त्यावर त्यांचं बोट थांबलं. प्रेस शॉप, महिला, वहीत न चढलेली जखम. खाली भाषेप्रमाणे ओळी. हिंदी आठ. ओडिया पाच. मराठी, आणि समोर एक चांदणी.

"ही चांदणी कसली?"

अंशुमनची कळी खुलली. "काकू, ते कॉन्फिडेन्शियॅलिटीसाठी. पाचपेक्षा कमी लोक असतील ना, तर आपण नंबर दाखवत नाही. म्हणजे कोणी ओळखायला नको. बिल्कुल सेफ."

"आणि ही तळाशी बेरीज?"

"टोटल? चौदा."

"आठ नि पाच किती रे?"

"तेरा." एवढं बोलून अंशुमनचं तोंड उघडंच राहिलं.

"मग चांदणीखाली काय आहे, हत्ती?" बाई कडाडल्या. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का? चौथीतलं पोर वजाबाकी करील! त्या अख्ख्या प्रेस शॉपमध्ये मराठी बाई एकच आहे, आणि तो जयंत मराठी आहे. त्याला वजाबाकीचीसुद्धा गरज नाही. 'मराठी' एवढं वाचलं की पुरे!"

अंशुमन वाईट नव्हता, घाबरला होता. त्यानं तळाची बेरीज काढून टाकली. मग ध्यानात आलं, की तोच आकडा दुसऱ्या एका तक्त्यात शॉपवार दिलेला आहे. तिथे झाकला, तर तिसऱ्या तक्त्यात भाषावार बेरीज उघडी पडली. तोकडं पांघरूण, डोक्यावर ओढावं तर पाय बाहेर, पायांवर ओढावं तर डोकं. तासाभरानं त्यानं हात टेकले. मराठीची ओळ 'इतर भाषा' मध्ये टाकायची, एवढाच मार्ग होता. पण ती ओळ पाचही कारखान्यांच्या चाळीस तक्त्यांत होती, आणि त्यासाठी राजीव सरांची परवानगी हवी होती.

राजीव सर संस्थेचे संचालक. बाहेरच्या विद्यापीठाची डॉक्टरेट, अंगात बारा महिने जाकीट. बाईंचा आवाज त्यांना कधीच सहन होत नसे, आणि बाईंना त्यांची शांत बोलण्याची तऱ्हा.

"वैजयंती जी, इसमें किसी का नाम है? दिखाइए," ते म्हणाले.

नाव नव्हतं. शंभर वेळा शोधलं असतं तरी 'सुनयना' हा शब्द त्या दोनशे पानांत सापडला नसता. नाव तेवढं गाळलं होतं, ती जशीच्या तशी उभी होती.

"नाम नहीं है, सर. लेकिन वो है."

सरांनी सुस्कारा सोडला. भाषांचं प्रकरण हा अहवालाचा प्राण होता. अनुदान देणाऱ्यांनी तेच मागितलं होतं. शुक्रवारी कंपन्यांना प्रती जाणार होत्या. चाळीस तक्ते आता कोण बदलणार, आणि कशासाठी, एका बाईसाठी? "कोई कंपनीवाला बैठकर घटाव नहीं करता. आप ड्रामा मत कीजिए."

"आपकी उँगली होती तो करते," बाई म्हणाल्या.

सरांच्या जबड्याची शीर उडायला लागली. पण नियम त्यांनाही ठाऊक होते, आणि नियमावर बोट ठेवून माणसाला गप्प करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांनी सांगितलं, की उत्तर देणाऱ्याला अहवाल बाहेर पडेपर्यंत आपलं उत्तर मागे घेता येतं. तिची सही आणा, आम्ही तिचा फॉर्म काढून टाकतो. भरलेली माहिती बदलायची असेल, तर ती फील्डची, म्हणजे मुलाखत घेणाऱ्याची, चूक होती असं लेखी हवं. तिसरा मार्ग नाही.

बाईंनी माघारीचा छापील कागद थैलीत घातला. त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. सुनयनाची सही घेतली की चौदाचे तेरा होणार, सुनयना वाचणार आणि वैजयंतीबाईंच्या एकतीस वर्षांवर ओरखडाही उठणार नाही. 'हिंदी' पुसून 'मराठी' कुणी केलं, हा प्रश्नच निघणार नव्हता.

बुधवारी दुपारी त्या मेट्रोनं गुडगावला गेल्या आणि पुढे शेअर ऑटोत कोंबून घेऊन मानेसरला. सुनयनाची सकाळची पाळी नुकतीच सुटली होती. दारात बाईंना बघून ती हसली, आत घेतलं, पाणी दिलं. बाईंनी सगळं सांगितलं. चांदणी, बेरीज, वजाबाकी. सांगताना त्या नेहमीपेक्षा जास्त तडतड बोलल्या. माणूस चुकला की आवाज चढवतो, तसं. मग कागद पुढे केला.

सुनयनाचं हसू कधीच मावळलं होतं.

"मी म्हनले हुते ना तुमाला? हिंदी लिवा म्हनून?"

"अगं, पण..."

"पन बिन काय न्हाई! हितं मी एकलीच हाय मराठी. चहाच्या टपरीवर बी 'वो मराठन' म्हनून वळखत्यात मला. भाषा लिवली की मीच झाले की! एवढं मला अडान्याला कळतंय, आन्‌ तुमाला न्हाई कळलं? तुमी तर शिकलेल्या!"

मुनिरक्यात दोन पदव्या आणि एक डॉक्टरेट बसून जे कुणाच्या डोक्यात आलं नाही, ते या बाईनं दूध उतू जाताना ओळखलं होतं.

"सही कर इथे. मग तुझं काही राहतच नाही त्यात. फॉर्मच काढून टाकतील," त्या म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हणजे चौदाच्या ऐवजी तेरा."

सुनयनानं कागद बघितला, मग स्वतःचा हात बघितला. "म्हंजे माझी बोटं गेलीच न्हाईत."

"अगं, तसं नाही..."

"तसंच हाय! कंपनीनं एक कागद दिला सही कराया, घरी भाजी चिरताना कापलं म्हनून. आता तुमी दुसरा आनलाय. त्यांच्या वहीत न्हाई, तुमच्या बी वहीत न्हाई. मग गेली कुठं ती बोटं?" तिचा आवाज फाटला. "मी सही न्हाई करनार. मला मोजा. पन मला दावू नका. एवढं बी जमत न्हाई तुमाला?"

तिनं पाण्याचा पेला उचलला, अर्धा भरलेला, आणि मोरीत ओतला. "जावा आता. पोरगी यायची येळ झाली."

वैजयंतीबाई उठल्या. माझं चुकलं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं लिहिली, त्यांना स्वतःचं एवढं उत्तर देता आलं नाही. मान ताठ ठेवून त्या निघाल्या, आणि परतीच्या ऑटोत सगळ्या वाटेवर त्या सुनयनावर, राजीव सरांवर, जयंतवर, ऑटोवाल्यावर मनातल्या मनात चरफडत राहिल्या. मेट्रोत बसल्यावर चरफडायला कुणी उरलं नाही, तेव्हा स्वतःवर आल्या.

घरी दीनानाथांनी विचारलं, "झालं काम?" बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "लेखी दिलंस तर तुला काढतील." बाई म्हणाल्या, "माहीत आहे. जेवायला वाढू का?"

गुरुवारी सकाळी त्यांनी राजीव सरांच्या टेबलावर कागद ठेवला. अर्जाची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून सरळ लिहिलं होतं. उत्तर देणाऱ्या बाईनं मातृभाषा 'हिंदी' सांगितली असताना मी माझ्या हट्टानं 'मराठी' भरली, चूक सर्वस्वी माझी आहे, ती दुरुस्त व्हावी. खाली सही, आणि एकतीस वर्षांचा कर्मचारी क्रमांक.

सरांनी अंशुमनला बोलावलं. टॅबमध्ये कोणती चौकट कधी भरली, कधी बदलली, याची नोंद राहते. अंशुमननं ती काढली. दहा वाजून बारा मिनिटांनी हिंदी. दहा एकतीसला मराठी. मधली एकोणीस मिनिटं फलटणच्या मावशीची.

"You people..." असं इंग्रजीत काहीतरी सर पुटपुटले आणि थांबले. मग हिंदीत म्हणाले, "और कितनों का बदला है आपने?"

हा प्रश्न बाईंच्या वर्मी लागला. दार तोंडावर आपटणाऱ्यांनी, कुत्रं सोडणाऱ्यांनी कधी असा घाव घातला नव्हता. "किसी का नहीं," त्या म्हणाल्या, पण ते आता त्यांच्या एकटीच्या तोंडचं होतं, आणि त्या तोंडाला आता टॅबनंच खोटं ठरवलं होतं. त्या सर्वेक्षणातल्या त्यांच्या दोनशे मुलाखती पुन्हा तपासायचं ठरलं. फील्डवरून त्यांना त्याच दिवशी उतरवलं. ज्या मुलींना त्या झाडायच्या, त्या मुलींसमोरच ओळखपत्र काढून घेतलं. एकीनं तर चक्क सुटकेचा श्वास टाकला, आणि तो बाईंनी ऐकला.

तक्त्यात मात्र जे व्हायचं ते झालं. हिंदी नऊ, ओडिया पाच, बेरीज चौदा. मराठीची ओळ त्या शॉपच्या तक्त्यातून गेलीच, चांदणीसकट. सुनयनाची बोटं त्या नऊंत मोजली गेली आणि ती स्वतः त्या नऊंत दिसेनाशी झाली.

कंपनीला अहवाल झोंबला. प्रेस शॉपमध्ये दोनशे बायका, त्यांतल्या कितीतरी जणींचे हात अधू. बोललेल्या चौदा कोणत्या? अंशुमन बाईंना फोनवर सांगायचा, की जयंतचे तीनदा फोन आले. एकदा गोड बोलून, एकदा वकिलाचं नाव काढून, एकदा नुसता ओरडत. राजीव सरांनी एक अक्षर सांगितलं नाही. त्यांचं तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. ठेकेदारानं बायकांना एकेक करून बोलावलं, दमात घेतलं. कुणाचंच नाव निघालं नाही, कुणाचंच काम गेलं नाही.

घरी बसलेल्या बाईंच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तपासलेल्या दोनशे मुलाखतींत दुसरा एकही बदल सापडला नाही, असं पत्र आलं, ते त्यांनी धड वाचलंही नाही. त्या दिवशी मोरीत ओतलेलं पाणी त्यांना दिसत राहायचं. फोन करावा तर नंबर संस्थेत, आणि तो मागण्याचा हक्क गेलेला. खोलीवर जावं तर ठेकेदाराची माणसं डोळ्यांत तेल घालून बसलेली. माझं चुकलं, हे दोन शब्द तोंडात तसेच राहिले होते, आणि त्यांचा त्यांना अक्षरशः त्रास व्हायला लागला होता.

चौदा जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, तिथल्या काला अंब स्मारकाला दरवर्षीप्रमाणे मराठी माणसांची गर्दी झाली. दिल्लीचे, छावणीतले, थेट महाराष्ट्रातून बसगाड्या करून आलेले. भगवे झेंडे, घोषणा, थंडीचं पांढरं ऊन. वैजयंतीबाई आणि दीनानाथ दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसनं आले होते. आणि स्मारकाच्या पायऱ्यांपाशी बाईंना सुनयना दिसली. नवरा जुन्या फौजी मित्रांत उभा, ती बाजूला, अंगावर शाल, उजवा हात शालीत, डाव्या हातात तिळगुळाचा डबा.

देवानंच गाठ घातली, असं त्यांना वाटलं. इथे सगळेच मराठी. एका मराठी बाईनं दुसरीशी बोललं तर कोण बघतंय? त्या गर्दीतून वाट काढत निघाल्या. चार पावलं राहिली असतील.

"अरे वा, काकू! तुम्ही पण?"

जयंत. लेदरचं जाकीट, गॉगल कपाळावर, चेहऱ्यावर तेच केबिनमधलं हसू. तो मध्येच येऊन उभा राहिला, आणि त्याचं लक्ष बाईंच्या नजरेच्या रोखानं वळलं. सुनयनापाशी जाऊन थांबलं. हसू तसंच राहिलं, डोळे बदलले.

"ही आमच्याकडचीच की! ए सुनयना, इकडे ये." ती आली. "काकू, ही आमच्या प्रेस शॉपची. एकटीच मराठी आहे बघा. तुमच्या त्या सर्वेच्या वेळी भेटली असेल ना तुम्हाला? तुमच्यासारखी बाई मराठी माणसाला सोडणार थोडीच!"

गर्दीत कुणीतरी घोषणा दिली, शेकडो गळ्यांतून तिचं उत्तर आलं. वैजयंतीबाईंनी सुनयनाकडे पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, बसमधल्या परक्या बाईकडे बघावं तसं. शालीखाली तो हात आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तिकडे नजर जाऊ दिली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही भेटले मी यांना."

"नक्की? आठवा की."

"एकदा सांगितलं ना नाही म्हणून? बहिरा आहेस का? मराठी बाई भेटली असती तर मी विसरले असते?"

जयंतचं हसू उतरलं. त्यानं सुनयनाकडे वळून पाहिलं. तीही बाईंकडेच बघत होती, थंडपणे, पापणी न लववता.

"मी बी न्हाई बघितलं यांना कवा," ती म्हणाली.

जयंत क्षणभर दोघींच्या मध्ये उभा राहिला. मग कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. पण लांब नाही गेला, पलीकडच्या घोळक्यात थांबून मान वळवून बघत राहिला.

सुनयनानं डबा उघडला. आजूबाजूच्या चार जणींना तिळगूळ दिला, आणि ओळीत पुढच्या म्हणून वैजयंतीबाईंच्या हातावरही एक वडी ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली, जसं कुणाही अनोळखी बाईला म्हणतात तसं.

बाईंनी तोंड उघडलं. दीड महिना जिभेवर बसलेले ते दोन शब्द आता तिच्यापासून हातभर अंतरावर होते. पण ज्या बाईला आपण आयुष्यात भेटलोच नाही, तिची माफी कशाची मागणार? आज नाही, उद्या नाही, ती मानेसरला आहे तोवर कधीच नाही. सुनयनालाही ते कळलं असावं, कारण ती तेवढाच एक क्षण थांबली आणि मग डबा घेऊन पुढच्या बाईकडे वळली.

वैजयंतीबाई तिथेच उभ्या राहिल्या. दीनानाथ जवळ आले आणि त्यांनी विचारलं, "कोण गं ती? ओळखीची वाटली."

"कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.